खोटं यान, खऱ्या चुका : पहिल्या अंतराळवीरांच्या सरावाचे फोटो कसे बघायचे?



आमच्या गल्लीत एक काका राहतात. रेल्वेत लोको पायलट होते, आता रिटायर झाले. बडनेऱ्याहून एकीकडे भुसावळ, दुसरीकडे नागपूर, अशा त्यांनी आयुष्यभर मालगाड्या नेल्या. दिवाळीला मी घरी आले होते, लॅपटॉपवर जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो बघत बसले होते, तेवढ्यात काका फराळाला आले. स्क्रीनवर १९६० सालचा एक फोटो होता. लोखंडी नळ्यांचे तीन मोठे पिंजरे, एकात एक अडकवलेले, आणि सगळ्यात आतल्या पिंजऱ्यात पट्ट्यांनी घट्ट बांधलेला एक माणूस.

"हे का होय वं?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "अंतराळवीर आहे काका. यान गरगर फिरायला लागलं तर सावरायचं कसं, ते जमिनीवर शिकतोय."

काका हसले. म्हणाले, "आमच्याही ट्रेनिंगले असाच डब्बा होता. खोटं इंजिन. पडद्यावर रूळ पयतात. मी त्याच्यात दोनदा लाल सिग्नल तोडला, साहेब बाजूले बसून लिहून घेत होते. म्हनून तं खऱ्या गाडीत कधी तोडला नाही."

माझ्या पीएचडीचा विषय याच्या जवळचा आहे. सिम्युलेटरमध्ये बसलेल्या माणसाला गती कशी जाणवते आणि ती जाणीव गणितात कशी मांडायची, यावर मी काम करते. तीन वर्षं मी जे पानंच्या पानं लिहून सांगते आहे, ते काकांनी चिवडा खाता खाता दोन वाक्यांत सांगितलं. म्हणून ही पोस्ट. पहिल्या अंतराळवीरांच्या सरावाचे फोटो आपण "वा, काय मशीन आहे!" म्हणून बघतो आणि पुढे जातो. पण ते नीट बघायचे असतील तर तीन प्रश्न विचारायचे. इथे नेमकं कशाला फसवलं जातंय? फोटोच्या चौकटीबाहेर कोण उभं आहे? आणि या खोट्या यानात कोणती गोष्ट ठेवायची राहून गेली आहे?

शरीराला फसवणं

पहिला फोटो घेऊ सेंट्रीफ्यूजचा. एका लांब लोखंडी हाताच्या टोकाला छोटी गोंडोला, तिच्यात माणूस, आणि मधल्या मोटरवर हा हात गोल फिरतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या जॉन्सव्हिल इथे नौदलाचं असं यंत्र होतं. त्याचा हात ५० फुटांचा, म्हणजे साधारण १५ मीटर. नासाने एप्रिल १९५९ मध्ये मर्क्युरी कार्यक्रमासाठी सात अंतराळवीर निवडले, आणि त्याच वर्षी ते या यंत्रात बसायला लागले.

आता यात्रेतला "मौत का कुआँ" आठवा. मोटरसायकलवाला उभ्या भिंतीवर गोल फिरतो आणि पडत नाही, कारण भिंत त्याला सतत आत ढकलत असते. त्याला मात्र वाटतं की आपणच भिंतीवर दाबले जातोय. सेंट्रीफ्यूजमध्येही तेच होतं. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, एवढं साधं गणित आहे. १५ मीटरचा हात मिनिटाला साधारण २२ फेरे घ्यायला लागला की टोकाला बसलेल्या माणसाला ८ जी जाणवतात, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठपट. ६० किलोची मी त्यात बसले तर मला ४८० किलोची असल्यासारखं वाटेल. हात उचलून बटण दाबणं तर सोडाच, श्वास घ्यायलाही छातीचे स्नायू मुद्दाम वापरावे लागतील.

यान वातावरणात परत शिरताना हवेच्या घर्षणाने जोरात ब्रेक लागतो, तेव्हा शरीरावर असाच भार येतो. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड अंतराळाला स्पर्श करून परत आले, तेव्हा त्यांना सुमारे ११ जी सोसावे लागले.

फोटोत आणखी एक गोष्ट दिसते. माणूस नेहमी पाठीवर आडवा असतो, गुडघे वाकवलेले. बसलेल्या स्थितीत भार डोक्याकडून पायाकडे आला तर रक्त पायात उतरतं, डोळ्यांसमोर अंधारी येते आणि शुद्ध जाते. तोच भार छातीकडून पाठीकडे आला तर माणूस कितीतरी जास्त सोसतो. म्हणून मर्क्युरीत प्रत्येकाच्या अंगाच्या साच्यावरून त्याचं आसन बनवलेलं होतं. रशियन सोयुझ यानात आजही प्रत्येक प्रवाशाच्या पाठीचा साचा घेऊनच आसन तयार होतं.

म्हणजे सेंट्रीफ्यूज यानासारखं दिसत नाही, आणि ते दिसावं अशी गरजही नाही. ते फक्त एकच गोष्ट खरी करून देतं, ती म्हणजे भार. सिम्युलेटरबद्दलचा हा पहिला धडा. सगळं खरं करायला जायचं नसतं. ज्या गोष्टीची सवय करायची आहे, तेवढीच खरी करायची.

कानाला फसवणं

दुसरा फोटो मी वर्गात दाखवते तेव्हा मुलं नेहमी हसतात. अमेरिकेतल्या लँगली संशोधन केंद्रातला आहे. एक माणूस जमिनीला जवळपास समांतर, कुशीवर, दोऱ्यांच्या झोळ्यांत लटकतोय, आणि पाय एका भिंतीवर ठेवून त्या भिंतीवरच चालतोय. हा चंद्रावर चालायचा सराव.

चंद्रावर वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश असतं. ते पृथ्वीवर कसं आणायचं? त्या लोकांनी भिंत उभ्या रेषेपासून ९.५ अंश तिरपी केली. माणसाचं बहुतेक वजन झोळ्यांनी पेललं. पायावर उरला वजनाचा फक्त तेवढाच भाग जो ९.५ अंशाच्या साइनइतका असतो. कॅल्क्युलेटर काढून बघा, sin ९.५ म्हणजे ०.१६५, म्हणजेच जवळपास एक षष्ठांश. बारावीच्या पुस्तकातलं त्रिकोणमिती, आणि त्यावर माणूस चंद्रावर चालायला शिकला.

माझं स्वतःचं काम याच तिरपेपणाच्या युक्तीवर आहे. आपल्या आतल्या कानात दोन वेगळ्या यंत्रणा असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याचं सांगतात. त्यांच्याजवळच्या दोन पिशव्यांत बारीक खडे असतात, ते कोणत्या दिशेला ओढले जातायत यावरून आपल्याला वर-खाली आणि वेग वाढल्याचं कळतं. गंमत अशी की ही दुसरी यंत्रणा एक फरक ओळखू शकत नाही. गाडी पुढे वेग घेते तेव्हा खडे मागे ओढले जातात. खुर्ची मागे कलवली तरी खडे मागेच ओढले जातात. कानासाठी दोन्ही सारखंच.

मग सिम्युलेटर काय करतो? केबिन हळूच मागे कलवतो. इतकी हळू, की नलिकांना वळणं जाणवू नये. समोरच्या पडद्यावर दृश्य मात्र सरळ पळत राहतं. मेंदूला वाटतं, आपण वेग घेतोय. प्रत्यक्षात केबिन एका खोलीत जागच्या जागी उभी असते. विमानाच्या पायलटना शिकवणारी मोठी यंत्रं याच युक्तीवर चालतात. पण कलणं जरा जलद झालं किंवा पडदा आणि केबिन यांचा मेळ चुकला, की बसलेल्याला मळमळायला लागतं. किती जलद म्हणजे जास्त जलद, हे माणसागणिक बदलतं. त्याचं गणित बसवणं एवढाच माझा प्रबंध. आई विचारते "होईल कधी?", तर आई, होईल.

पिंजऱ्यातला माणूस, आणि पिंजऱ्यातली बाई

आता काकांनी विचारलेला तो पिंजरा. त्याचं नाव मॅस्टिफ. क्लीव्हलँडच्या लुईस संशोधन केंद्रात, एका जुन्या मोठ्या पवनबोगद्याच्या आत तो बसवला होता. तीन पिंजरे तीन वेगवेगळ्या अक्षांभोवती फिरायचे, प्रत्येक मिनिटाला ३० फेऱ्यांपर्यंत, आणि तिन्ही एकाच वेळी. आतल्या माणसाच्या हातात एक दांडा. तो हलवला की नायट्रोजन वायूचे झोत सुटायचे, आणि त्या झोतांनी त्याने तिन्ही फिरणी थांबवून स्थिर व्हायचं. मर्क्युरीचे सातही अंतराळवीर १९६० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये यात बसले.

ही भीती काल्पनिक नव्हती. १६ मार्च १९६६ रोजी जेमिनी ८ यानाचा एक छोटा इंजिन-झोत अडकून चालूच राहिला. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट सेकंदाला जवळपास एक फेरा या वेगाने गरगरायला लागले. दृष्टी धूसर व्हायला लागली. आर्मस्ट्राँगनी मुख्य झोत बंद केले, परतीसाठी राखून ठेवलेली वेगळी झोत-यंत्रणा चालू केली आणि यान थांबवलं. मोहीम अर्धी सोडून यावं लागलं, पण दोघं जिवंत परतले.

या पिंजऱ्याचा एक फोटो मात्र फार कमी लोकांनी बघितलेला असतो. त्यात बसली आहे जेरी कॉब नावाची वैमानिक. वर्ष तेच, १९६०. अंतराळवीरांच्या ज्या वैद्यकीय चाचण्या झाल्या तशाच चाचण्या एका डॉक्टरने खासगीत स्त्री-वैमानिकांवर करून बघितल्या. कॉब पहिली पास झाली, तिच्यानंतर आणखी १२ जणी पास झाल्या. पिंजराही तिने थांबवून दाखवला.

तरी त्यांच्यातल्या एकीचीही निवड झाली नाही. कारण काय? नियम असा होता की उमेदवार जेट विमानांचा टेस्ट पायलट हवा. आणि लष्करातली जेट विमानं तेव्हा बायकांना उडवू देत नव्हते. १९६२ मध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे यावर सुनावणी झाली, कॉबने बाजू मांडली, काही बदललं नाही. १९६३ मध्ये सोव्हिएत संघाच्या व्हॅलेंटिना तेरेश्कोवा अंतराळात गेल्या. पहिली अमेरिकन स्त्री, सॅली राइड, जायला १९८३ उजाडलं. कॉब २०१९ मध्ये वारल्या, अंतराळात न जाताच.

मला हा फोटो बघताना दरवेळी एकच वाटतं. पिंजऱ्याला माहीत नसतं आत कोण बसलंय. यंत्र सगळ्यांना सारखंच गरगरवतं आणि सारखेच गुण देतं. भेदभाव होतो तो यंत्राच्या बाहेर, कागदावर.

चौकटीबाहेर ढकललं जाण्याचा दुसरा प्रकार सोव्हिएत संघात घडला. युरी गागारिनच्या पहिल्या सहा जणांच्या तुकडीत ग्रिगोरी नेल्युबोव्ह होता, गागारिनचा दुसरा राखीव. पुढे बेशिस्तीच्या प्रकरणात त्याला काढून टाकलं. मग सरकारी फोटोंतूनही तो गायब झाला. एकाच फोटोच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या, तर एकीत तो उभा आहे आणि दुसरीत त्याच जागी नुसती पार्श्वभूमी रंगवलेली. फोटो दुर्मीळ होण्यामागे नेहमी काळच नसतो, कधी कुणाचा ब्रशही असतो.

डोक्याला फसवणं

अपोलो यानाच्या सिम्युलेटरचा फोटो बघाल तर पहिल्यांदा काहीच कळत नाही. मधे छोटी केबिन, आणि तिच्या भोवती वेड्यावाकड्या कोनांत बसवलेली मोठमोठी खोकी. प्रत्येक खिडकीबाहेर एक खोकं, त्यात भिंगं आणि आरसे, आतून बघणाऱ्याला तारे आणि चंद्र दूर असल्यासारखे दिसावेत म्हणून. जॉन यंग या अंतराळवीराने त्याला नाव ठेवलं होतं, "द ग्रेट ट्रेन रेक", म्हणजे रेल्वेचा महाअपघात. बडनेऱ्याच्या माणसाला हे नाव लगेच पटतं. आमच्याकडे वॅगन दुरुस्तीचा कारखाना आहे, रुळावरून उतरलेले डबे एकमेकांवर चढले की कसे दिसतात ते आम्हाला सांगावं लागत नाही.

या सिम्युलेटरमधला खरा खेळ मात्र केबिनच्या बाहेर चालायचा. वेगळ्या खोलीत बसलेली प्रशिक्षकांची टोळी मुद्दाम बिघाड पेरायची. आता इंधनाची नळी फुटली, आता संगणक अडकला. केबिनमधले अंतराळवीर आणि ह्युस्टनच्या नियंत्रण कक्षातले इंजिनिअर, दोघांना मिळून मार्ग काढायचा.

जुलै १९६९ च्या सुरुवातीला, अपोलो ११ उडायच्या थोडेच दिवस आधी, प्रशिक्षक रिचर्ड कूस यांनी चंद्रावर उतरण्याच्या सरावात संगणकाचा एक अलार्म पेरला, क्रमांक १२०१. नियंत्रण कक्षात संगणकाची जबाबदारी २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सकडे होती. हा अलार्म त्याने कधी बघितलाच नव्हता. त्याने उतरणं रद्द करायला सांगितलं. सराव संपल्यावर कूसनी सांगितलं, चूक झाली. संगणकावर कामाचा ताण आला होता, पण महत्त्वाची कामं तो करतच होता. उतरता आलं असतं.

मुख्य अधिकारी जीन क्रांझ यांनी त्यानंतर हुकूम काढला की संगणकाच्या प्रत्येक अलार्मची यादी करा, कोणता आला तर काय करायचं ते लिहा. ती यादी जॅक गारमन या २४ वर्षांच्या मुलाने केली. २० जुलैला आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खरोखर उतरत असताना अलार्म वाजला, १२०२. गारमनने यादीकडे बघून सांगितलं, वारंवार येत नसेल तर चालेल. बेल्सने "गो" दिला. पुढे १२०१ सुद्धा आला. पुन्हा "गो". बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

दोघंही आजच्या माझ्यापेक्षा लहान होते. बेल्सला सरावात चूक करायची संधी मिळाली नसती तर ती चूक त्याने चंद्रापासून काही किलोमीटरवर केली असती. काकांचा लाल सिग्नल आणि बेल्सचा अलार्म, हिशेब एकच.

लिंबू

आता तिसरा प्रश्न. खोट्या यानात काय ठेवायचं राहून गेलं?

आपल्याकडे नवीन गाडीला लिंबू-मिरची बांधतात, नजर लागू नये म्हणून. अमेरिकेत लिंबाचा अर्थ उलटा. तिथे "लेमन" म्हणजे रद्दी निघालेला माल. जानेवारी १९६७ मध्ये अंतराळवीर गस ग्रिसम यांनी आपल्या अंगणातल्या झाडाचं एक लिंबू तोडलं आणि नेऊन अपोलोच्या सिम्युलेटरवर टांगलं. त्यांची तक्रार साधी होती. खऱ्या यानात रोज बदल होतायत आणि सिम्युलेटर मागेच राहिलाय. आम्ही ज्यात शिकतोय ते आणि ज्यात बसणार आहोत ते, एक राहिलेलं नाही.

काही दिवसांतच, २७ जानेवारीला, ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी खऱ्या यानात बसून लाँचपॅडवर उड्डाणाची रंगीत तालीम करत होते. रॉकेटमध्ये इंधन भरलेलं नव्हतं, त्यामुळे ही चाचणी धोक्याची धरलीच नव्हती. केबिनमध्ये मात्र शुद्ध ऑक्सिजन होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. ठिणगी पडली. आतल्या बाजूला उघडणारं दार त्या दाबामुळे उघडलं नाही. तिघंही गेले.

सगळ्यात वाईट वाटतं ते पुढचं वाचून. जवळपास अशीच गोष्ट सहा वर्षांपूर्वी घडून गेली होती. २३ मार्च १९६१ रोजी सोव्हिएत संघात व्हॅलेंटिन बोंडारेन्को नावाचा २४ वर्षांचा शिकाऊ अंतराळवीर एकांतवासाच्या कोठडीत सराव करत होता. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण जास्त होतं. अल्कोहोलने भिजलेला कापूस गरम शेगडीवर पडला आणि भडका उडाला. तो वाचला नाही. तीन आठवड्यांनी गागारिन अंतराळात गेला आणि बोंडारेन्कोचं नाव दाबून ठेवलं गेलं. सोव्हिएत वर्तमानपत्रात ते छापून यायला १९८६ उजाडलं.

म्हणून "सरावच तर आहे" हे वाक्य मला आवडत नाही. सिम्युलेटर चुका स्वस्त करतो, पण फक्त त्याच चुका ज्यांचा विचार तो बनवणाऱ्याने केला आहे. बाकीच्या चुका बाहेर वाट बघत असतात. आणि एकाची चूक दुसऱ्याला कळवलीच नाही, तर ती पुन्हा पूर्ण किमतीला विकत घ्यावी लागते.

आपले दोघं

आता आपल्याकडचे फोटो. १९८२ मध्ये भारतीय हवाई दलाच्या दोन वैमानिकांची निवड झाली, राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा. शर्मा १९६६ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएत दाखल झाले होते, म्हणजे त्यांची वर्दीतली सुरुवात पुण्याजवळचीच. दोघांना मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत पाठवलं. तिथे आधी रशियन भाषा शिकायची, कारण सोयुझच्या पॅनेलवरचा प्रत्येक शब्द रशियन, आणि बिघाड झाला की ओरडाही रशियनमध्येच. तिथलं मोठं सेंट्रीफ्यूज १८ मीटर हाताचं आहे. वरचं गणित पुन्हा करून बघा, ८ जीसाठी मिनिटाला २० फेरे पुरतात.

दोघांनी तेच शिक्षण घेतलं, त्याच खुर्च्यांत बसले, तेच बिघाड सोडवले. ३ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ उडालं तेव्हा आत शर्मा होते, आणि मल्होत्रा राखीव चमूत. शर्मांनी इंदिरा गांधींना दिलेलं उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मल्होत्रांना कीर्ती चक्र मिळालं, पण आमच्या शाळेत सामान्यज्ञानाच्या वहीत त्यांचं नाव कधी आलं नाही. तुमच्या वहीत होतं का?

शर्मांच्या यानातल्या तिसऱ्या माणसाबद्दल मला फार उशिरा कळलं. कमांडर होते युरी मालिशेव्ह, आणि फ्लाइट इंजिनिअर गेनाडी स्ट्रेकालोव्ह. हे स्ट्रेकालोव्ह एप्रिल १९८३ मध्ये सल्यूट ७ स्थानकाकडे गेले होते, पण रडारचा अँटेना निकामी झाला आणि स्थानकाला न जोडताच परत यावं लागलं. मग २६ सप्टेंबर १९८३ ला ते पुन्हा रॉकेटवर बसले. उड्डाणाच्या ऐन वेळी रॉकेटच्या बुडाशी आग लागली. स्फोटाच्या काही सेकंद आधी वरच्या सुटका-रॉकेटने त्यांची कुपी उचलून दूर फेकली. दोघा प्रवाशांना १४ ते १७ जी बसले, सरावातल्या ८ जीच्या दुप्पट. कुपी काही किलोमीटरवर पॅराशूटने उतरली, दोघं शाबूत होते.

शर्मा आणि मल्होत्रा तेव्हा स्टार सिटीत प्रशिक्षण घेत होते. आणि सहा-सात महिन्यांनी शर्मा त्याच स्ट्रेकालोव्हच्या शेजारी बसून त्याच स्थानकाकडे निघाले. सिम्युलेटरमधल्या तिघांच्या फोटोत मला आता हे दिसतं. एका माणसाने खरं अपयश दोनदा बघितलंय, आणि तो पुन्हा खोट्या यानात बसून पहिल्या पायरीपासून सराव करतोय.

परत आल्यावर शर्मा १९८७ मध्ये हिंदुस्थान एअरोनॉटिक्समध्ये आले आणि नाशिकजवळच्या ओझर कारखान्यात मुख्य टेस्ट पायलट झाले. म्हणजे अंतराळातून आलेला माणूस पुढची काही वर्षं आपल्या महाराष्ट्रात नव्या विमानांतल्या चुका शोधत होता, त्या दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाऊ नयेत म्हणून.

ही जोडीची पद्धत आजही तशीच आहे. गगनयानासाठी निवडलेल्या चार वैमानिकांनीही २०२०-२१ मध्ये रशियात शिक्षण घेतलं. जून २०२५ मध्ये त्यांच्यातले शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात गेले. त्यांचे राखीव होते प्रशांत बालकृष्णन नायर. शुक्ला यांनी केलेला सराव त्यांनीही केला. हे नाव यावेळी तरी वहीत लिहून ठेवा.

पुढच्या वेळी फोटो बघाल तेव्हा

एवढं आठवा. मशीन मोठं आहे की छोटं, यानासारखं दिसतं की नाही, हे बघू नका. कशाला फसवतंय ते बघा: शरीराला, कानाला की डोक्याला. मग चौकटीबाहेरच्यांना शोधा: बिघाड पेरणारा, राखीव, पुसला गेलेला, आणि जिला बसून दाखवूनही पाठवलं नाही ती. शेवटी लिंबू कुठे टांगलं असतं, ते विचारा.

काकांना मी ग्रिसमच्या लिंबाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या त्या डब्ब्यात सगळं होतं वं. पाऊस होता, धुकं होतं, फाटकावर अडकलेला ट्रॅक्टर होता. फक्त रात्रीचे तीन वाजत नव्हते."

पहाटे तीनची झोप सिम्युलेटरमध्ये कशी आणायची, हे माझ्या प्रबंधात नाही. पण गाईडशी बोलायला हवं, असं तेव्हापासून वाटतंय.

तुमच्यापैकी कुणी कधी सिम्युलेटरमध्ये बसलं असेल, गाडीचा, बसचा, क्रेनचा, कशाचाही, तर त्यात काय राहून गेलं होतं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या पोस्टमध्ये.